वाचकांचे प्रश्न : बोगद्यातला मक, बेल्ट आणि फावडं

बोगदा खणताना निघणाऱ्या दगडमातीला साइटवर सगळे ‘मक’ म्हणतात. हा मक बाहेर नेणाऱ्या बेल्ट कन्व्हेयरबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. बरेच प्रश्न बेल्ट चालवण्यापेक्षा त्याच्या आजूबाजूच्या सफाईचे आणि दुरुस्तीचे होते. माणसं जखमी होतात तीही बहुतेक तिथेच, म्हणून त्यांना जास्त जागा दिली आहे.

प्रश्न : चालू बेल्टखाली सांडलेला मक फावड्याने काढायला फोरमन सांगतात. बेल्ट बंद केला तर टीबीएम (बोगदा खणणारं यंत्र) थांबतं, असं त्यांचं म्हणणं. लांब दांड्याचं फावडं घेतलं तर चालेल का? (हेल्पर, ठाणे)

नाही. दांडा कितीही लांब असला तरी नाही.

रिकामा परतणारा बेल्ट खालच्या रिटर्न रोलरवर टेकून धावतो. बेल्ट आणि रोलर जिथे एकमेकांना भिडतात तिथे फावड्याचं पातं लागलं की ते आत ओढलं जातं. बोगद्यातले बेल्ट साधारण सेकंदाला २.५ ते ३ मीटर वेगाने चालतात. ‘सोडून द्यावं’ हे डोक्यात येऊन बोटं उघडेपर्यंत अर्धा ते पाऊण सेकंद जातो, तेवढ्यात बेल्ट दीड-दोन मीटर पुढे गेलेला असतो. दांडा हातात असेल तर हात त्याच्यामागे जातो, आणि हातातून सुटला तर तोच दांडा फिरून पोटात किंवा जबड्यावर बसतो.

आता फोरमनच्या अडचणीबद्दल. एकेरी शिल्डचं (एकाच पोलादी कवचाचं) किंवा ईपीबी प्रकारचं (समोरच्या मातीचा दाब सांभाळत खणणारं) टीबीएम सलग खणत नाही. एका रिंगपुरतं, म्हणजे अस्तराच्या एका कड्यापुरतं खणायचं, थांबायचं, काँक्रीटचे सेगमेंट (तुकडे) बसवून रिंग पुरी करायची, मग पुन्हा खणायचं. मेट्रोच्या आकाराच्या बोगद्यात रिंग बसवायला साधारण अर्धा ते पाऊण तास लागतो. त्या वेळात बेल्टवर मक येतच नाही. सफाईची वेळ हीच. बेल्ट रिकामा झाला की त्याची वीज बंद करून स्विचला कुलूप लावायचं, चार माणसांनी वीस मिनिटांत टेलकडचा (बेल्टच्या मागच्या टोकाचा) आणि ट्रान्सफर पॉइंटखालचा (एका बेल्टवरून दुसऱ्यावर माल पडतो तिथला) मक काढायचा, माणसं मोजून कुलूप काढायचं. ही वेळ शिफ्टच्या नियोजनात लिहिलेली असली की ‘टीबीएम थांबेल’ हे कारण उरत नाही. डबल शिल्ड यंत्र मात्र खणता खणता रिंग बसवतं. तिथे देखभालीच्या शिफ्टमध्ये सफाईला वेगळी वेळ ठेवावीच लागते.

फावडं मारण्यापूर्वी ढीग नीट पाहा, मक का सांडतोय ते तोच सांगतो. लोडिंगच्या जागेजवळ जाड खडी पडली असेल तर कडेने माल अडवणारं स्कर्ट रबर झिजलंय, किंवा शूटमधून (माल बेल्टवर सोडणाऱ्या घसरणीतून) माल बेल्टच्या मधोमध पडत नाही. प्रत्येक रिटर्न रोलरच्या बरोबर खाली बारीक चिखलाची वरंबी साचली असेल तर हेड ड्रमवरचा (पुढच्या टोकाच्या ड्रमवरचा) बेल्ट खरवडणारा स्क्रॅपर काम करत नाही. मक बेल्टला चिकटून परत येतोय आणि रोलरगणिक थोडा थोडा गळतोय. टेल ड्रमपाशी पातळ रबडी साचली असेल तर मक फार ओला आहे आणि चढावर बेल्टवरून मागे वाहतोय. अशा वेळी मातीत मिसळायच्या फोमचं आणि पाण्याचं प्रमाण टीबीएमच्या ऑपरेटरने कमी करायला हवं. कोरडी खडी १६ ते १८ अंशांच्या चढावरही बेल्ट नेतो, पण पातळ मक त्याच्या निम्म्या चढावरही टिकत नाही.

ज्या साइटवर दर शिफ्टला फावडं मारावं लागतं, तिथे हेल्परला ‘सांभाळून कर’ म्हणण्याला आमच्या लेखी काही किंमत नाही. स्क्रॅपरचं पातं बदला, स्कर्ट रबर खाली आणा, टेल ड्रमच्या आधी परतीच्या बेल्टवर व्ही-प्लाऊ (बेल्टवरचा मक बाजूला सारणारी व्ही आकाराची पट्टी) बसवा. फावड्याची गरज कमी झाली की अपघातही कमी होतात.

प्रश्न : पुल-कॉर्ड (बेल्टच्या कडेने ताणलेली दोरी) ओढली की बेल्ट थांबतो. मग रोलर बदलताना पुन्हा आयसोलेटरला (मुख्य वीज तोडणाऱ्या स्विचला) कुलूप कशासाठी? (मेकॅनिकल फिटर, नवी मुंबई)

पुल-कॉर्ड कंट्रोल सर्किट तोडते, मोटरकडे जाणारी मुख्य वीज नाही. स्विचचं लॅच कोणी वर केलं, पॅनलवर रिसेट दाबला आणि स्टार्ट दिला की बेल्ट चालू होतो. तीन किलोमीटर लांबीच्या बेल्टवर पॅनलपाशी बसलेल्याला तुम्ही दिसतही नाही. दोरी ही ऐन संकटात थांबवण्यासाठी असते. दुरुस्ती करायची तर पुढचा क्रम.

बेल्ट रिकामा करून थांबवा. त्या बेल्टचा आयसोलेटर ऑफ करा. बूस्टर ड्राइव्ह असेल तर त्याचाही, कारण लांब बेल्टला दोन-तीन ठिकाणी मोटरी असतात आणि मधली नेमकी विसरली जाते. प्रत्येक माणसाचं स्वतःचं कुलूप, किल्ली स्वतःच्या खिशात. पाच जण आत असतील तर मल्टी-हूकवर पाच कुलपं. टॅगवर नाव, वेळ, काम. मग स्टार्टचं बटण दाबून पाहा. बेल्ट हलला नाही तरच पुढे जा. ही चाचणी सर्वांत जास्त टाळली जाते, आणि चुकीचा आयसोलेटर बंद केल्याचं फक्त तिच्यातूनच कळतं. व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारं उपकरण) असलेला पॅनल उघडायचा असेल तर आतल्या कपॅसिटरमधला भार उतरेपर्यंत थांबा. किती मिनिटं ते पॅनलवरच्या पट्टीवर लिहिलेलं असतं. थांबून झालं तरी मीटर लावून खात्री करा.

वीज गेली म्हणून बेल्टमधली ताकद गेली असं होत नाही. टेन्शनचा विंच किंवा वजन बेल्टला ताणून धरत असतं. चढावरचा भरलेला बेल्ट बॅकस्टॉप (उलटं फिरू न देणारी अडकण) किंवा ब्रेकच्या जोरावर उभा असतो. रोलर काढण्याआधी ताण उतरवा, आणि काम करायच्या जागेच्या दोन्ही बाजूंना बेल्ट क्लॅम्पने फ्रेमला बांधा.

पुल-कॉर्डचीही परीक्षा घ्या. चांगली दोरी दोन स्विचच्या मध्यावर आडवी ओढली तर ४०० मिलिमीटरच्या आत आणि २०० न्यूटनच्या आत, म्हणजे साधारण वीस किलोच्या जोरात, बेल्ट थांबवते. दोरी सैल असेल, आयहूकमध्ये चिखल घट्ट बसला असेल किंवा कोणी तिच्यावर केबल टाकली असेल तर ओढणारा ओढत राहतो आणि स्विच पडत नाही. पायवाट ज्या बाजूला आहे त्या बाजूला दोरी हवीच, दोन्ही बाजूंनी माणसं जात असतील तर दोन्हीकडे. दर शिफ्टला एक स्विच प्रत्यक्ष पाडून पाहा आणि कोणता ते नोंदवा. महिन्याभरात सगळे तपासून होतात.

प्रश्न : अनेक बेल्ट एकापुढे एक असतात तेव्हा कोणता आधी सुरू करायचा? (डिप्लोमा विद्यार्थी, सांगली)

बाहेरचा आधी, आतला शेवटी. मुखाजवळ ढीग करणारा स्टॅकर बेल्ट, मग बोगद्यातला मुख्य बेल्ट, मग टीबीएमच्या मागच्या गँट्रीवरचा (यंत्रामागून ओढत नेलेल्या चौकटीवरचा) बेल्ट आणि सर्वांत शेवटी स्क्रू कन्व्हेयर (टीबीएमच्या डोक्यातून मक बाहेर काढणारा फिरता स्क्रू). बंद करताना उलट. आधी स्क्रू, मग क्रमाने बाहेरचे, प्रत्येक बेल्ट रिकामा होऊ देऊन.

मधला एखादा बेल्ट अचानक थांबला तर त्याच्या आतल्या बाजूचे सगळे त्याच क्षणी थांबले पाहिजेत. हे इंटरलॉक बायपास केलं की काही सेकंदांत शूट तुंबतो आणि मक पायवाटेवर उसळतो. सेकंदाला ९० किलो माल येत असेल तर अर्ध्या मिनिटात पावणेतीन टन होतात. म्हणून शूटमध्ये ब्लॉकेज स्विच आणि प्रत्येक बेल्टच्या न चालवलेल्या ड्रमवर, म्हणजे टेलला, स्पीड सेन्सर असतो. मोटर फिरतेय म्हणजे बेल्ट फिरतोय असं नसतं.

सुरू होण्याआधी भोंगा आणि दिवे किमान दहा-पंधरा सेकंद, तेही बेल्टच्या पूर्ण लांबीवर. पंख्याच्या आणि यंत्राच्या आवाजात एका टोकाचा भोंगा दुसऱ्या टोकाला पोहोचत नाही, म्हणून ठराविक अंतरावर भोंगे लागतात. पुल-कॉर्डने थांबलेला बेल्ट जागेवर जाऊन पाहिल्याशिवाय पॅनलवरून रिसेट होता कामा नये.

प्रश्न : बेल्टवरचा वजनकाटा फक्त बिलासाठी असतो ना? (साइट इंजिनिअर, पुणे)

बिलासाठी तर असतोच, पण आमच्या मते संपूर्ण बेल्टवरचं सर्वांत महत्त्वाचं सुरक्षा-उपकरण तेच आहे.

समजा कापाचा व्यास ६.६५ मीटर आणि रिंग १.४ मीटरची. क्षेत्रफळ ३४.७ चौरस मीटर, म्हणजे एका रिंगमागे जागेवरचा खडक ४८.६ घनमीटर. घनता २.७ धरली तर १३१ टन. त्यात घातलेलं पाणी आणि फोम मिळवा, ते मीटरवर दिसतं. काटा जर १५० टनांपलीकडे जाऊ लागला आणि पाण्याचा हिशेब त्याला पुरा पडत नसेल, तर यंत्राच्या डोक्यावरची माती जास्त आत येतेय. वर पोकळी होतेय. मुंबईसारख्या ठिकाणी त्या पोकळीवर रस्ता आणि इमारती असतात. अशा वेळी खणणं थांबवून फेस प्रेशर (खणायच्या तोंडावरचा दाब) तपासायचं, वरच्या रस्त्याची पातळी मोजणाऱ्या टीमला कळवायचं.

म्हणून काटा दर आठवड्याला रिकाम्या बेल्टवर शून्याला आणा. काट्याच्या आगेमागचे रोलर चिखलाने माखले तर तो खोटं सांगतो. एकापेक्षा दोन काटे बरे. दोघांत फरक पडू लागला की निदान शंका तरी येते.

हाच हिशेब बेल्टच्या क्षमतेलाही लागतो. मिनिटाला ६० मिलिमीटर वेगाने खणलं तर तासाला १२५ घनमीटर घट्ट खडक निघतो. फुगून तो १.७ पट झाला की २१० घनमीटरच्या वर, वजनात ३३७ टन. बेल्ट याहून बराच मोठा हवा, कारण माल कधीच एकसारखा येत नाही.

प्रश्न : स्क्रू कन्व्हेयरच्या तोंडाशी मोठा दगड अडकला. गेट उघडंच होतं, सळईने काढायला गेलो तर इंजिनिअरनी ओरडून मागे ओढलं. का? (टीबीएम हेल्पर, मुंबई)

त्या इंजिनिअरनी योग्यच केलं. स्क्रूच्या मागे मातीचा आणि पाण्याचा दाब असतो. दगड म्हणजे तिथे बसलेलं बूच, ते निघालं की मागचा मक आणि पाणी पिचकारीसारखं बाहेर येतं. शिवाय हे गेट हायड्रॉलिक असतं आणि वीज गेली तर आपोआप बंद व्हावं म्हणून त्याला दाबाखाली तेल साठवणारा अ‍ॅक्युम्युलेटर जोडलेला असतो. म्हणजे वीज नसतानाही गेट पूर्ण ताकदीने मिटतं. बोगदा पुरापासून वाचावा म्हणून ही सोय आहे, ती तिथे असलेला हात ओळखत नाही.

आधी गेट मिटवून स्क्रू थोडा उलटा-सुलटा फिरवून दगड मागे नेता येतो का पाहतात. नाहीच जमलं तर मागचा दाब उतरवून, गेटला यांत्रिक अडकण लावून, अ‍ॅक्युम्युलेटरचं तेल सोडून, परवाना काढून मगच तपासणीचं झाकण उघडतात. हे काम हेल्परचं नाही.

प्रश्न : बेल्ट सतत एका बाजूला सरकतो. आमच्याकडे बांबू लावून ढकलतात. (ऑपरेटर, नाशिक)

बांबू आजच बाहेर टाका. तो रोलरमध्ये गेला की फावड्यासारखंच होतं.

आधी पाहा: बेल्टचा एकच तुकडा सगळ्या लांबीभर सरकत जातो, की सगळा बेल्ट एकाच ठिकाणी सरकतो? एकच तुकडा जात असेल तर जोड वाकडा झालाय किंवा त्या ठिकाणी बेल्टच बिघडलाय, रोलर हलवून काही उपयोग नाही. सगळा बेल्ट एकाच जागी जात असेल तर तिथली फ्रेम पातळीत नाही, रोलर जाम आहे, त्याच्यावर चिखलाचा थर बसलाय, किंवा मागे माल एका कडेला पडतोय. हे सगळं नीट करूनही सरकत राहिला तरच रोलर फिरवा. बेल्ट ज्या बाजूला जातोय, त्या बाजूचं रोलरचं टोक बेल्टच्या चालण्याच्या दिशेने पुढे सरकवायचं. सरकणाऱ्या जागेच्या थोडं आधीच्या रोलरपासून सुरुवात करा. एका वेळी दोन-तीन मिलिमीटर, मग बेल्टचे दोन-तीन पूर्ण फेरे होऊ द्या. घाईत पाच रोलर फिरवले की कोणत्याने काय झालं ते कळत नाही. बोल्ट सैल करताना बेल्ट बंद आणि कुलूपबंद. वळणावरच्या बोगद्यात रोलर मुद्दाम कललेले बसवतात, ते ‘सरळ’ करायला जाऊ नका.

बेल्ट-स्वे स्विच (बेल्ट बाजूला सरकला की तो थांबवणारा) वारंवार पडतो म्हणून तो बांधून ठेवलेलाही पाहण्यात येतो. मग बेल्ट फ्रेमवर घासून कड फाटते, आणि त्या घर्षणाने आग लागू शकते.

प्रश्न : बेल्ट वाढवत नेतात म्हणजे नेमकं काय करतात? त्यात धोका कुठे? (वाचक, कोल्हापूर)

टीबीएम पुढे जातं तसा बेल्टही लांबत जावा लागतो. त्यासाठी बोगद्याच्या तोंडाशी एका लांब चौकटीत बेल्टच्या अनेक घड्या ताणून ठेवलेल्या असतात, तिला कॅसेट म्हणतात. यंत्र एक मीटर पुढे गेलं की दोन मीटर बेल्ट लागतो, एक जाणारा, एक येणारा. म्हणून ५०० मीटरचा साठा २५० मीटर प्रगतीला पुरतो. संपला की बेल्ट थांबवून नवा रोल जोडायचा.

जोड गरम व्हल्कनायझिंगने (उष्णतेने रबर एकजीव करून) करतात. थर सोलायचे, सोल्यूशन लावायचं, प्रेसमध्ये साधारण १४५ अंश सेल्सिअसला दाबाखाली ठेवायचं. तयारी, प्रेस आणि थंड होणं धरून एक पाळी सहज जाते. प्रेस थंड होण्याआधी उघडला तर जोड फुगतो आणि पुढे भार आल्यावर सुटतो. सुटलेला बेल्ट चढावर असेल तर भरलेल्या मकासह खाली धावतो. जोड करताना सर्वांत मोठा धोका मात्र क्लॅम्प निसटण्याचा आहे. कॅसेटमधला ताण टनांत असतो, क्लॅम्प निसटला की बेल्टचं टोक चाबकासारखं येतं. क्लॅम्प फ्रेमच्या भक्कम भागाला साखळीने बांधलेला हवा आणि बेल्टच्या रेषेत कोणीही उभं राहायचं नाही. सॉल्व्हंटची वाफ पेट घेते, तेव्हा हवा खेळती ठेवा आणि जवळ वेल्डिंग बंद.

मक काढणं बोगद्यात किती निर्णायक असतं, ते तेलंगणातल्या एसएलबीसी (श्रीशैलम डावा तीर कालवा) बोगद्यात दिसलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये छत कोसळून आठ जण अडकले. त्या दुर्घटनेत कन्व्हेयरही निकामी झाला होता, आणि बेल्ट पुन्हा चालू करणं हे बचावपथकांपुढचं मोठं काम होतं.

प्रश्न : मुंबईच्या मेट्रो-३ मध्ये किंवा कोस्टल रोडमध्ये असे लांब बेल्ट होते का? (वाचक, डोंबिवली)

मेट्रो-३ साठी १७ टीबीएम वापरली गेली. अशा मेट्रो बोगद्यांत सहसा यंत्रामागचा छोटा बेल्ट रुळांवरच्या मक-गाड्या भरतो आणि शाफ्टमधून क्रेन त्या वर उचलते. एका स्टेशनपासून दुसऱ्यापर्यंतचं अंतर कमी असल्याने तेच सोयीचं पडतं. कोस्टल रोडचं १२.१९ मीटर व्यासाचं ‘मावळा’ हे स्लरी यंत्र होतं, तिथे मक पाण्यात मिसळून पाइपातून बाहेर गेला. लांब बेल्टचं राज्य लांब बोगद्यांत. ५७ किलोमीटरच्या गोटहार्ड रेल्वे बोगद्यातून २ कोटी ८२ लाख टन मक निघाला, त्यात कन्व्हेयरचा वाटा मोठा होता. आपल्याकडे जसे लांब बोगदे होतील तसे बेल्टही वाढतील.

प्रश्न : माझा मुलगा बोगद्यात बेल्टवर हेल्पर म्हणून लागलाय. त्याला काय विचारू? (एक आई, जळगाव)

ताई, चार गोष्टी विचारा. स्वतःचं कुलूप आणि किल्ली दिली आहे का? बेल्ट ओलांडायला जिना असलेला पूल आहे, की वाकून खालून जातात? टेल ड्रमला आणि हाताला लागतील अशा रोलरना जाळी आहे का, आणि सफाईनंतर ती परत बसवतात का? पुल-कॉर्ड ओढली म्हणून कधी कोणाला बोलणी बसली आहेत का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल तर ती साइट चांगली नाही. त्याला हेही सांगा की गळ्यात गमछा, ओळखपत्राची दोरी, उघडी जॅकेटची चेन आणि हातात कडं नको. गमछा घामासाठी लागतोच, तो बेल्टजवळ जाताना काढून ठेवावा.

प्रश्न : धोक्याच्या जागेपासून जाळी किती लांब बसवायची? मोठी भोकं ठेवली तर आतलं दिसतं. (फॅब्रिकेटर, पिंपरी)

चौकोनी भोक ३० मिलिमीटरपर्यंत असेल तर जाळी धोक्याच्या जागेपासून किमान १२० मिलिमीटर लांब, ४० पर्यंत असेल तर २००. भोक ४० च्या वर, १२० पर्यंत गेलं की पूर्ण हात आत जातो, मग ८५० मिलिमीटर अंतर लागतं. बोगद्यात एवढी जागा नसते, म्हणून बारीक जाळीच घ्या. ती हत्याराशिवाय निघता कामा नये, पण दोन बोल्टमध्ये निघावी. बारा बोल्टची जाळी एकदा काढली की पुन्हा कोणी बसवत नाही. ग्रीसचे निपल नळीने जाळीबाहेर आणा, म्हणजे ग्रीससाठी ती काढावी लागणार नाही. आयएस ७१५५ ही कन्व्हेयर सुरक्षेची भारतीय संहिता मागवून घ्या, ड्रॉइंग करताना उपयोगी पडेल.

प्रश्न : बेल्ट चालू असताना काही नव्हतं, बंद करून जेवायला गेलो आणि धूर आला. असं कसं? (ऑपरेटर, रायगड)

जाम झालेला रोलर तापलेला होता. बेल्ट धावत होता तोवर उष्णता सगळ्या लांबीवर वाटली जात होती. थांबल्यावर रबराचा एकच भाग त्या तापलेल्या रोलरवर टेकून राहिला आणि पेटला. ड्राइव्ह ड्रमवर बेल्ट घसरत असेल तरीही असंच होतं, म्हणून वेग ठरलेल्यापेक्षा १५-२० टक्के घटला की ट्रिप व्हायला हवा.

बेल्ट थांबवल्यावर लगेच निघून जाऊ नका. ड्राइव्ह, टेल आणि मकात बुडालेले रोलर पाहत एक फेरी मारा, अर्ध्या तासाने दुसरी. हातात इन्फ्रारेड थर्मामीटर असला तर शेजारच्या रोलरपेक्षा फार गरम कोणता ते लगेच दिसतं. करकर वाजणारा रोलर त्याच दिवशी बदला. बेल्ट आग पसरू न देणाऱ्या प्रकारचाच असावा, पण असा बेल्टही सतत उष्णता मिळाली तर जळतो आणि दाट काळा धूर सोडतो. ड्राइव्ह मुखाशी असेल तर बोगद्यात हवा ढकलणाऱ्या पंख्याचं तोंड त्याच्यापासून दूर ठेवा. नाहीतर मुखाशी लागलेल्या आगीचा धूर पंखाच थेट फेसवरच्या माणसांपर्यंत पोहोचवतो.